बिनमोटारीचा सांगाडा घेण्याआधी भावाला पोटावर झोपवून बघा

ताई, भावाच्या मज्जारज्जूची दुखापत डी-12 ची (पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी), कम्प्लीट, म्हणजे त्याखाली हालचाल नाही की संवेदना नाही, आठ महिने झालेत आणि बिनमोटारीच्या एक्सोस्केलेटनचा, म्हणजे पायांना बाहेरून बांधून उभं करणाऱ्या सांगाड्याचा व्हिडिओ बघून ‘घेऊ का?’ असं विचारलंय तुम्ही. मी डी-10. उसाची ट्रॉली उलटली त्याला 14 वर्षं झाली. असला सांगाडा मी अजून वापरतो, पण तुम्हाला वाटतंय त्या कामासाठी, म्हणजे बाहेर चालत फिरायला नाही.

नाव नवं, वस्तू जुनी. आपल्या लांब कॅलिपरला, म्हणजे मांडीपासून पावलापर्यंत पाय ताठ धरणाऱ्या आधाराला, कंबरेचा पट्टा आणि खुब्याचा सांधा जोडायचा, दोन्ही खुबे केबलनं किंवा पाठीमागच्या झुलत्या पट्टीनं एकमेकांना बांधायचे. झाला आरजीओ (रेसिप्रोकेटिंग गेट ऑर्थोसिस). 1980 च्या दशकात अमेरिकेत लुइझियानात त्याचं केबलवालं रूप पुढं आलं. खरी गंमत त्या बांधणीत आहे. अंगाचा भार एका पायावर घेऊन दुसरा पाय जरासा मोकळा करायचा आणि छाती पुढं काढायची. टेकलेला खुबा मागं जातो आणि तीच ओढ मोकळ्या पायाला पुढं नेते. दोन्ही खुबे एकदम वाकू शकत नाहीत, म्हणून माणूस पुढं दुमडत नाही. मोटार नाही म्हणता, पण मोटार आहे राव : भावाचे खांदे!

रंकाळ्यावर सकाळी फिरणारा माणूस मिनिटाला 70-80 मीटर सहज जातो. यात वॉकर धरून 12 ते 18 मीटर गेलात तरी बरं. आणि घाम असा, की तालमीत जोर मारून आल्यागत. मी पहिल्या वर्षी हट्टानं गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत यायला खुर्ची मागवली. पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर नावच काढू नका.

आता मी रोज सकाळी घरात त्यात 40 मिनिटं उभा राहतो, चार फेऱ्या मारतो. पाय आकडणं कमी झालंय, पोट वेळेवर साफ होतं. बाहेर जायला व्हीलचेअरच. आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, त्यामुळं खुर्चीला कमी समजायचं कारण नाही. आधी हलकी, मापाची खुर्ची घ्या. पैसे उरले तर सांगाडा.

तो घेताना किंमत नंतर विचारा. एकट्यानं घालता येतो का आणि खुर्चीवरून एकट्यानं उठता येतं का, हे आधी बघा. मला सुरुवातीला 25 मिनिटं आणि बायकोची मदत लागायची. त्यात कॅथेटरची (नळीनं लघवी काढायची) वेळ झाली की सगळं परत सोडा. हाडांची घनता तपासून घ्या, कारण संवेदना नसलेल्या पायात फ्रॅक्चर झालं तरी कळत नाही. रोज काढल्यावर आरशात कातडी बघायची. एकदा मोज्याची शिवण घोट्याला रुतली, लाल डाग मी दोन दिवस बघितलाच नाही. जखम भरायला तीन महिने गेले.

सर्जनची हरकत नसेल तर फिजिओसमोर भावाला पोटावर झोपवा. खुबे सपाट टेकतात का, गुडघे सरळ होतात का? आखडलेले असतील तर सांगाडा बसणारच नाही, आधी त्यावर काम करावं लागेल. काय दिसतंय ते इथंच कळवा, मापाचं मग बोलू.