भागायच्या आधी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे असं तुझ्या प्रोग्रॅमने चुटकीसरशी सांगितलं, आणि तू विचारतेस, "सर, मग यात उरलं काय?" खरं सांगू? आधी रागच आला.

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दुसऱ्या गणितज्ञाला, बर्नुलीला, पत्रातून कळवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. संख्या मूळ नसेल तर एक भाजक तिच्या वर्गमुळाच्या आत सापडतोच, आणि हे वर्गमूळ ४६,३४० च्या घरात. तिथवर मूळ संख्याच साडेचार हजारांहून जास्त. तो सगळ्यांनी भागत बसला नाही. भागायच्या आधी त्याने विचारलं, भाजक असलाच तर कसा असेल?

फर्माच्या छोट्या प्रमेयामुळे मूळ भाजकातून १ वजा केला की ६२ ने, म्हणजे ३१ च्या दुपटीने, भाग जायलाच हवा. शिवाय ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च हवी. दोन्ही चाळण्या लावल्यावर उरतात २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्या. त्या चारशेही भरत नाहीत, आणि त्यातल्या कित्येक मूळच नाहीत. तू मात्र ३, ५, ७ पासून सुरुवात केलीस. का गं?

मला बोलायचा हक्क नाही, हे कबूल. कॉलेजात असताना एका सरांनी २ चा २९ वा घात वजा १ दिला होता: ५३,६८,७०,९११. चार रात्री ओळीने भागत गेलो. २३३ पाशी बाकी काढताना चुकलो, ते कळलंही नाही, हजाराच्या अलीकडे कंटाळलो आणि वर्गात ठोकून दिलं, "मूळ आहे." ती निघाली २३३ × ११०३ × २०८९. इथे उमेदवार ५८ च्या पटीत १ मिळवलेले: ५९, ११७, १७५, २३३. पहिल्या दोघांची आठाची बाकी जुळत नाही, १७५ ला ५ ने भाग जातो. म्हणजे पहिलाच भागाकार २३३ चा! मी दीडशेच्या वर केले. अजून बोचतं.

सर संगणकाच्या विरोधात आहेत, असं तुम्ही मुलं बोलता ते माझ्या कानावर येतं. साफ खोटं. तुझा भागाकार पुरा असेल तर तीही सिद्धताच. पण २०२४ मध्ये चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची याच प्रकारची मूळ संख्या सापडली, त्या शोधातही छोटे भाजक तपासताना हीच चाळणी लावतात. एवढी यंत्रं हाताशी असूनही! भागायच्या आधी विचार, भाजक कसा असेल. पुन्हा सांगतो, भागायच्या आधी.

आता २ चा ३७ वा घात वजा १ घे. लॅपटॉप मिटून ठेव. कागदावर उमेदवार लिही, आणि भाजक कितव्या भागाकाराला सापडला ते कळव.

— सर