काढा गाळावा, नोंदी गाळू नयेत

परळ, मुंबई

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

शनिवारी उडुप्याकडे तू समोरची कॉफी निवू दिलीस आणि रजिस्टरचे एकच पान तीनदा उघडून दाखवलेस. अर्जुनाच्या सालीचा अर्क अठ्ठावीस दिवस पाजलेल्या दहा उंदरांपैकी चार आयसोप्रोटेरेनॉलच्या दुसऱ्या इंजेक्शननंतर रात्रीतून मेले, आणि अर्काशिवाय नुसते आयसोप्रोटेरेनॉल टोचलेल्या दहांपैकी दोन मेले. अर्काच्या गटातल्या उरलेल्या सहांच्या रक्तातील सीके-एमबी हे हृदयाच्या इजेचे एन्झाइम मात्र छान खाली आलेले आहे. मेलेल्यांचे रक्त मिळालेच नाही, तेव्हा 'प्रत्येक गटात सहा' असे लिहून मोकळी हो, असे तुझे गाईड म्हणतात. यात खोटे काय, असे तू विचारलेस आणि मी बिल मागवून विषय टाळला. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी तुझा प्रश्न. आयसोप्रोटेरेनॉलने हृदयाच्या स्नायूला इजा होते आणि फुटलेल्या पेशींतून हे एन्झाइम रक्तात उतरते, हे तुला मी सांगायला नको. ज्या उंदरांच्या हृदयाला सर्वांत जास्त इजा झाली तेच बहुधा रात्रीतून मेले असणार, म्हणजे ज्यांचे आकडे सर्वांत वर गेले असते तेच सकाळी रक्त द्यायला उरले नाहीत, आणि मग सरासरी आपोआप खाली आली. त्यासाठी अर्जुनाने काही करण्याची गरजच नव्हती. दहावीच्या कच्च्या मुलांना फॉर्मच भरू न देता शंभर टक्के निकालाचा फलक लावणाऱ्या शाळेचे गणित याहून वेगळे नसते. शिवाय दुसऱ्या गटात आठ जिवंत होते. त्या आठांतले सहा कोणते घ्यायचे, हे कोणी आणि कधी ठरवले? हा प्रश्न तुला सुचला नाही याचे मला खरेच आश्चर्य वाटले.

गाळू नकोस. काढा गाळावा लागतो, नोंदी गाळायच्या नसतात.

चार विरुद्ध दोन या फरकावरून अर्काने उंदीर मारले, असेही म्हणता येणार नाही. दहा-दहाच्या गटांत एवढा फरक योगायोगानेही पडतो. पाजताना नळी श्वासनलिकेत गेली असेल तर तेही मृत्यूचे कारण असू शकते, पण ते शवविच्छेदनात फुप्फुसात दिसायला हवे आणि त्याच दिवशीच्या तारखेने लिहिलेले हवे. तुझ्या पानावर तसे काही नाही. मग त्या चार मृत्यूंना कोष्टकात स्वतःची ओळ मिळालीच पाहिजे. हा पर्याय मी तुला सुचवते आहे असे समजू नकोस. यात पर्याय नाही.

आपल्या वनौषधींच्या विषयाचा आरंभच एका न गाळलेल्या वहीने झाला आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने जलोदरावरच्या एका घरगुती काढ्यातील वीसेक वनस्पतींमधून डिजिटॅलिस नेमके ओळखले आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ मध्ये दीडशेहून अधिक रुग्णांच्या हकिगती छापल्या. त्यात मात्रा जास्त होऊन ओकाऱ्यांनी हैराण झालेले रुग्ण आहेत आणि गुण न येता दगावलेलेही आहेत. निवडक रुग्ण छापले असते तर औषधाची बाजू भक्कम दिसली असती, हे त्याला पक्के ठाऊक होते आणि तसे त्याने लिहूनही ठेवले आहे. या औषधाची उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा किती जवळजवळ आहेत, हे पुढच्या डॉक्टरांना त्या फसलेल्या रुग्णांनीच शिकवले. त्यानंतर दोन शतकांनी, १९९७ साली, हृदय दुर्बल झालेल्या ६,८०० रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला: डिजिटॅलिसपासून मिळणाऱ्या डिजॉक्सिनने मृत्यू कमी होत नाहीत, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात. निम्मी निराशा पदरात घेऊनही औषध आपल्या जागी टिकून आहे.

आणि इंग्लंडपर्यंत कशाला जायचे? याच मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीवर काम केले. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील त्यांचा निबंध आला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे झाले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना वैद्यकातला लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिनच्या मोठ्या मात्रेने काहींना मरगळ आणि नैराश्य येते, हेही नंतर नोंदले गेले. ते कोणी गाळले असते तर बिचाऱ्या रुग्णांचे काय झाले असते, याचा विचार कर. 'वनस्पतीच ती, अपाय काय करणार' असे म्हणणाऱ्याला सोसायटीच्या कुंपणाची पिवळी कण्हेर दाखवावी. हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेणारी डिजॉक्सिनच्याच कुळातील द्रव्ये तिच्या बियांत असतात.

गुग्गुळाचे तुला माहीत आहेच. बनारसच्या विद्यापीठात १९६६ साली सत्यवतींच्या प्रबंधापासून सुरू झालेले काम पुढे कोलेस्टेरॉलवरच्या औषधापर्यंत पोचले. मग २००३ मध्ये अमेरिकेतील १०३ जणांच्या चाचणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरण्याऐवजी थोडे चढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आमच्यातले अनेक जण तेव्हा रागावले. मीही रागावले होते. अर्जुनाचेही तेच: १९९५ मध्ये अवघ्या १२ रुग्णांवर आशादायक निष्कर्ष मिळाला, आणि नंतर दिल्लीतील बारा आठवड्यांच्या काटेकोर चाचणीत हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता वाढलेली दिसली नाही. हे दोन्ही निबंध तुझ्या पहिल्या प्रकरणात शेजारी शेजारी आले पाहिजेत. मला पाठवलेल्या मसुद्यात पहिलाच आहे. हेसुद्धा गाळणेच आहे, बाई!

आता माझे. १९८६ च्या पावसाळ्यात मशीद बंदरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मी अर्जुनसालीची दोन पोती आणली होती. पहिल्या पोत्याच्या अर्काने उंदरांचे एन्झाइम उतरले, दुसऱ्याने काडीचाही फरक पडला नाही. दुसरा माल खराब आहे, पहिल्यावर लिहा, असे आमच्या साहेबांनी सांगितले आणि मी लिहिले. तीन वर्षांनी एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी माझ्या खणात उरलेला सालीचा तुकडा हातात घेतला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "हा तर ऐन आहे." अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकी आणि पापुद्र्यांनी सुटणारी असते; ऐन या त्याच्या भाऊबंद झाडाची काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. तो तुकडा कोणत्या पोत्यातला, हे मला सांगता आले नाही, कारण त्यावर चिठ्ठी नव्हती. म्हणजे ज्याने गुण आला तो अर्जुन की ऐन, हे मला आजतागायत माहीत नाही, आणि माझा तो निबंध अर्जुनाच्या नावाने अजून संदर्भांत फिरतो आहे. तुझ्याही मसुद्यात तो सतराव्या क्रमांकावर आहे. शनिवारी मी बिल का मागवले ते आता कळले असेल.

माझी नोकरी तेव्हा हंगामी होती, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, रोज डोंबिवलीहून ये-जा होती, आणि साहेबांना नाही म्हणणारी माणसे पुढच्या वर्षी खात्यात दिसत नसत. त्या काळी सगळेच तसे करीत. हे समर्थन आहे, हे मला समजते. तरी लिहिते आहे, कारण तुझ्याकडेही शिष्यवृत्ती संपत आल्याचे असेच खरे कारण आहे आणि तू ते मला सांगितलेस तेव्हा मला तुझा राग आला नाही. राग आला तो तुझ्या 'सगळेच करतात' या वाक्याचा. ते माझे वाक्य आहे.

तुझी साल कर्जतच्या नदीकाठच्या झाडाची आहे म्हणालीस, ते उत्तम झाले. त्याच झाडाची पाच पंखांची फळे असलेली फांदी दाबून वाळव, झेवियर कॉलेजातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ओळख पटवून घे आणि मिळालेला नमुना क्रमांक प्रबंधात छाप. गाईडांशी वाद घालत बसू नकोस. वीसच्या वीस ओळींचे कोष्टक करून त्यांच्या टेबलावर ठेव आणि काय बोलतात ते ऐकून घे. कदाचित ते सही करतील. त्यांच्याही खणात एखादा तुकडा असेल.

गुरुवारी चारनंतर घरी ये. दुसऱ्या पोत्याचे रजिस्टर मी माळ्यावरून काढून ठेवले आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण आकडे वाचता येतात. ज्या नियतकालिकात माझा निबंध आला होता त्याच्या संपादकांना पाठवायचे पत्र मी दोनदा लिहायला घेतले आणि दोन्ही वेळा पहिल्या परिच्छेदावर थांबले. तुझा लॅपटॉप घेऊन ये. मी सांगत जाईन, तू टाइप कर, आणि मी एखादा आकडा सांगायची राहिले तर मला थांबव.

तुझी,
मॅडम