चौथी भिंत आणि पुढच्या रांगेतल्या आजी

प्रश्न : गावच्या जत्रेत आम्ही एक सामाजिक नाटक केले. सावकाराच्या दारात नायिका रडत असताना पुढे बसलेल्या एका आजी ‘त्याचं ऐकू नकोस गं बाई’ असे ओरडल्या आणि नायिकेचे काम करणारी मुलगी हसली. त्याच प्रवेशात माइकवरून १०१ रुपयांचे बक्षीस पुकारले गेले, तेव्हा सावकाराने हात जोडले. पाहुण्या परीक्षकांनी ‘चौथी भिंत कोसळली’ असा शेरा दिला. ही भिंत कोणती आणि दोष कोणाचा?
— एक वाचक, तालुका खानापूर

उत्तर : रंगमंचावरच्या खोलीला तीन भिंती असतात, प्रेक्षकांच्या बाजूची चौथी भिंत नटाने मनाने उभी करायची असते. पडदा उघडलाच नाही असे समजून नटांनी काम करावे, असे फ्रेंच लेखक दिदरो याने १७५८ मध्ये सुचवले होते.

आपल्याकडे ही भिंत उशिरा आली. तमाशाच्या गवळणीतली मावशी सरळ प्रेक्षकांशीच बोलते. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले, त्यातही आरंभी सूत्रधार येतोच. आणि पुढे संगीत नाटकांत ‘वन्स मोअर’ मिळाला की पात्र तेच पद पुन्हा म्हणत असे. तिथे भिंतच नव्हती, मग ती कोसळणार कशी? ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने १९३३ मध्ये वास्तववादी मांडणी मराठीत ठळकपणे आणली, आणि तुमचे सामाजिक नाटक त्या वळणाचे असल्याने परीक्षकांचा शेरा गैर म्हणता येणार नाही.

मात्र आजींना बोल लावू नये. त्या ओरडल्या, याचा अर्थ सावकाराचे दार त्यांना खरे वाटले होते. मुलगी हसली आणि त्या दाराचा क्षणात रंगवलेला पडदा झाला. तिने हुंदका आवरून, आजींचे शब्द विरेपर्यंत मान खाली घालून थांबायला हवे होते. पुढचे वाक्य मग अधिकच लागले असते.

सावकाराचा नमस्कार मला त्याहून खटकला, कारण गरीब बाईला दारातून हाकलणारा माणूस १०१ रुपयांसाठी वाकलेला सगळ्यांनी पाहिला. बक्षिसांची नावे दोन अंकांच्या मध्ये वाचावीत. देणारे रुसणार नाहीत; चहाला उठलेली मंडळीही स्वतःचे नाव कधी येते याकडे कान लावूनच असतात.