अकरावीत जाणाऱ्या मुलीला एसएटीचा क्लास लावावा का?

मुलगी सप्टेंबरमध्ये ज्युनिअर होणार, म्हणजे अकरावीत जाणार, मैत्रिणींचे एसएटीचे (अमेरिकन कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे) क्लास सुरूसुद्धा झाले, आपल्याला उशीर झाला का, असं तुम्ही विचारलंय. नाही झाला. माझी दोघं न्यू जर्सीच्याच पब्लिक स्कूलमधून गेली. चुका सगळ्या मोठ्याच्या वेळी करून झाल्या, फायदा धाकटीला मिळाला.

मोठ्याला उन्हाळ्यातच घराजवळच्या एका क्लासला घातलं होतं. फी घसघशीत, स्कोअर जेमतेम हलला. तिथे पेपरामागून पेपर सोडवून घ्यायचे. का चुकलं, हे कोणी बघत नसे. धाकटीला क्लास नाहीच लावला. ज्यावर खरी एसएटी देतात त्या ब्लूबुक ॲपवरच्या सराव परीक्षा फुकट, ऑनलाइन शिकवणारी खान अकॅडमी फुकट, आणि पुण्याहून आणलेली एक दोनशे पानी वही, फक्त चुकांची. पहिल्या आठवड्यात बाईसाहेबांनी प्रत्येक चुकीपुढे ‘सिली मिस्टेक’ लिहिलं. म्हटलं, हा शब्द वहीत चालणार नाही, नेमकं काय झालं ते लिही. मग कळलं की गणित बरोबर सुटायचं, पण विचारलेलं असायचं ‘तीन एक्स किती’ आणि ही उत्तर द्यायची एक्सचं. आता डिजिटल परीक्षेत प्रत्येक विषयाची दोन मोड्यूल, म्हणजे भाग, असतात. पहिलं कसं जातं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपं आलं की वरचा स्कोअर हातचा गेला. म्हणजे असल्या चुका गणिताच्या पहिल्या ३५ मिनिटांतच महागात पडतात.

आपण आईबाप गणिताच्या मागे लागतो, मुलं अडकतात रीडिंगमध्ये. उतारे २५ ते १५० शब्दांचेच, एकावर एकच प्रश्न, पण भाषा कधी शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीची, कधी शोधनिबंधाची. शब्दांच्या याद्या पाठ करून ते जमत नाही. रोज अर्धा तास काहीतरी जड वाचायला लावा.

ऑक्टोबरमधली पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, हलक्यात घेऊ नका. नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी ज्युनिअर इयरचीच धरतात, आणि आपल्या राज्याचा कटऑफ सगळ्यात वरच्यांपैकी असतो. मग मार्चमध्ये एसएटी, लागलीच तर ऑगस्टमध्ये पुन्हा. मे टाळा, एपीच्या (शाळेतल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) परीक्षा असतात. एसीटी ही एसएटीला पर्यायी परीक्षा, तिचाही एक सराव पेपर घरी देऊन बघा. बरी जाईल ती एकच परीक्षा धरा. त्याआधी कॉलेजांची कच्ची यादी करा, कारण कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं स्कोअर बघतच नाहीत, तर एमआयटीने २०२२ मध्ये तो पुन्हा सक्तीचा केला.

पैशाचं कोणी आधी सांगत नाही. फाफ्सामध्ये, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी धरतात ते उत्पन्न दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं, म्हणजे तुमचं ते वर्ष आत्ता चालू आहे. नव्या किचनसाठी शेअर विकायचा बेत असेल तर त्याचा नफाही उत्पन्नात धरतात, म्हणून आधी कॉलेजांच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता खर्च किती ते तो सांगतो) आकडे घालून बघा. मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर फेडरल मदत मिळणार नाही, हेही आत्ताच धरून चला.

कॉलेजच्या अर्जाला लागणाऱ्या शिफारसपत्रासाठी शिक्षकांना अकरावीच्या मे महिन्यातच विचारायला सांगा. धाकटीने केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं. त्यांच्या विषयात तिला ‘बी’ ग्रेडच मिळाली होती, पण वर्षभर शाळा सुटल्यावर ती शंका घेऊन त्यांच्याकडे बसायची. ते लगेच हो म्हणाले. तिची ‘ए’ मिळवणारी मैत्रीण सप्टेंबरात विचारायला गेली, तोवर सरांची यादी भरली होती.