विषशास्त्रात प्राध्यापक व्हायचंय? आधी कंट्रोल सांभाळा

पीएचडीसाठी दहा रसायनांची यादी करू नका. एकच प्रश्न धरा. पुढे प्राध्यापक झालात की तुमची प्रयोगशाळा त्याच प्रश्नावर उभी राहते. सुरुवातीला झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांची ९६ तासांची चाचणी हातात बसवा. रसायनाच्या प्रत्येक तीव्रतेला २० भ्रूण, पाणी २६ अंश सेल्सिअस, दर २४ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी. भ्रूण दुधाळ पांढरा पडला की मेला समजा. ४८ तासांपासून हृदयाचे ठोकेही बघा. कंट्रोलमधले, म्हणजे तुलनेसाठी रसायनाशिवाय नुसत्या पाण्यात ठेवलेले भ्रूण १० टक्क्यांहून जास्त मेले तर अख्खी चाचणी बाद, बाकीचे आकडे कितीही देखणे असोत. नवखे बहुतेकदा द्रावकात, म्हणजे रसायन विरघळवायला वापरलेल्या द्रवात फसतात. डीएमएसओसारखा द्रावक लिटरमागे ०.१ मिलिलिटरच्या वर जाऊ देऊ नका आणि नुसत्या द्रावकाचा वेगळा कंट्रोल लावाच. नाहीतर भ्रूण रसायनाने मेले की द्रावकाने, हे परीक्षकाला सांगता येत नाही.