वेलींची छाटणी : थंडी सरताना

प्रश्न : आमच्या नाशिकच्या घराच्या मांडवावर जुई आणि मधुमालती चढवलेली आहे, फाटकाजवळ बोगनवेल आहे. जुई नुसतीच पसरते, फुले मात्र शेंड्यालाच येतात. आता तिन्ही एकदम छाटाव्यात का?

उत्तर : तिन्ही एकदम छाटू नका. जुई आणि मधुमालती नव्या फुटीवर फुलतात. त्यामुळे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, कडाक्याची थंडी ओसरल्यावर, त्यांची छाटणी करावी. त्याआधी आठ-दहा दिवस जुईचे पाणी तोडावे, म्हणजे वेल विसावते. मग वाळक्या, रोगट आणि एकमेकींत गुंतलेल्या काड्या बुडातून काढून, चार-पाच जोमदार फांद्या राखून त्या निम्म्याने आखूड कराव्यात. काप डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबाच्या) किंचित वर, तिरपा आणि धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) एका दमात घ्यावा. बोथट कात्रीने साल चिरडते आणि तिथूनच मर सुरू होते. अंगठ्याएवढ्या जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. मधुमालतीच्या बाबतीत फार हळवे होऊ नये. ती कितीही छाटली तरी पावसाळ्यापर्यंत मांडव पुन्हा व्यापते.

बोगनवेल मात्र सध्या बहरात असेल, तर तिला हात लावू नका. बहर ओसरल्यावरच शेंडे खुडावेत, आणि तेही हातमोजे घालून.

छाटणीनंतर बुडाची माती हलकी करून कुजलेले शेणखत द्यावे आणि पाणी बेताने सुरू करावे. नव्या फुटी वीतभर झाल्या की त्या सुतळीने सैलसर, शक्यतो आडव्या बांधाव्यात. आडव्या फांदीला जागोजागी फूट येते आणि शेंड्यालाच फुले येण्याची तुमची तक्रार बरीचशी त्यातच मिटेल.