रॅपवाल्यांचा 'सायफर' आणि मराठी प्रतिशब्द

प्रश्न असा आहे: भाचा दर रविवारी 'सायफरला' जातो. सायफर म्हणजे सांकेतिक लिपी ना? मग रॅप करणाऱ्या पोरांच्या घोळक्याला हे नाव कुठून आलं? आणि मराठीत त्याला 'सवाल-जवाब' म्हटलं तर चालेल का?

सवाल-जवाब नको. त्यात हरवायला समोर कुणीतरी लागतं. सायफरमध्ये पोरं गोल करून उभी राहतात, एखादा तोंडानं ठेका धरतो, नाहीतर मोबाइलवर बीट लावतो आणि ज्याला सुचेल तो ओळी म्हणतो. तो थांबला की शेजारचा उचलतो. जिंकणं-हरणं नाही. दोघं समोरासमोर येऊन एकमेकांची सालं काढतात ती 'बॅटल', तो वेगळा प्रकार.

आता शब्दाकडे. हा आपल्याच 'शून्या'चा नातू आहे. अरबांनी आपलं शून्य घेतलं आणि त्याचा 'रिकामं' हा अर्थ धरून त्याला 'सिफ्र' म्हटलं. हिंदी-उर्दूतलं 'सिफर' तेच. युरोपात त्याच्या दोन शाखा झाल्या. इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञानं १२०२च्या ग्रंथात त्याचं 'झेफिरम' केलं, त्यातून पुढे 'झीरो' आला. दुसरी शाखा 'सायफर'. त्याचा अर्थ आधी शून्य, मग कोणताही आकडा आणि अक्षरांऐवजी आकडे मांडून गुप्त मजकूर लिहू लागल्यावर सांकेतिक लिपी.

रॅपमधला अर्थ मात्र लिपीवरून आलेला नाही, तो थेट शून्याच्या आकारावरून आला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६४ साली क्लॅरेन्स थर्टीन-एक्स यांनी 'फाइव्ह पर्सेंटर्स' हा कृष्णवर्णीयांचा पंथ काढला. त्यांच्या शिकवणीत प्रत्येक अंकाला अर्थ आहे. शून्य म्हणजे सायफर, ३६० अंशांचं पूर्ण वर्तुळ. अनुयायी गोलात उभे राहून एकेकानं पाठ म्हणत, त्या गोलालाही सायफरच म्हणत. राकिमसारखे मोठे रॅपर याच पंथातले, त्यामुळे शब्द रॅपमध्ये रुळला आणि तिथून धारावी-अंधेरीपर्यंत आला.

लिपीचा अर्थ रॅपमध्ये अगदीच नाही असंही नाही. अमरावतीचा, वऱ्हाडीत रॅप करणारा सौरभ अभ्यंकर रोमन लिपीत आपलं नाव '१०० आरबीएच' असं लिहितो. शंभर म्हणजे सौ, पुढे रभ. आकडा अक्षराच्या जागी! जुन्या अर्थानं अस्सल सायफर.

मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर 'फड' मला पटत नाही. फडाला मालक असतो, समोर प्रेक्षक बसलेले असतात. 'रिंगण' आकारानं बसतं, पण ते ऐकलं की वारीतला घोडा धावायला लागतो. मी तरी सायफरच म्हणेन. घरातलंच पोर आहे, फक्त फार फिरून आलंय.

बॅटलला मात्र उसना शब्द कशाला? कलगी-तुऱ्यात दोन पक्ष एकमेकांना कोडी घालत आलेत, त्या भेदिक लावण्यांत बुद्धीचाच कस लागायचा. त्याहून जवळचा शब्द सिंधुदुर्गातल्या भजनांचा: 'डबलबारी'. दोन बुवा आपापली मंडळं घेऊन आमनेसामने, एकानं टोला दिला की दुसऱ्यानं त्याच्या बारीत तो परतवायचा आणि लोकांनी रात्र जागवायची. मुंबईतल्या चाकरमान्यांना तर हे समजावून सांगायचीही गरज नाही. शिवाय शब्द अजून जिवंत आहे, कोशातून उकरून काढलेला नाही. 'रॅपची डबलबारी' म्हणून बघा, कानाला खटकत नाही.

एक सावधगिरी. रॅपवाले 'काय बार टाकला!' म्हणतात, तो बार म्हणजे संगीतातल्या ठरावीक मात्रांचा खंड, त्यावरून एकेक ओळ. आपली 'बारी' म्हणजे पाळी. उच्चार जवळचे असले तरी दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही.